दोघांच्या घरातील वखार

अमेरिकेतील मराठी घरांत शनिवारी सकाळी एक वाक्य हमखास ऐकू येते : "जाऊन येऊ या, महिन्याभराची बेगमी होऊन जाईल." जायचे असते ते गावाबाहेरच्या वेअरहाऊस क्लबमध्ये. उंच छत, सिमेंटची उघडी जमीन, छतापर्यंत रचलेली खोकी, दारात कार्ड दाखवून आत शिरणारी माणसे आणि बाळाच्या पाळण्याएवढ्या ढकलगाड्या. परत येताना गाडीची डिकी भरलेली असते आणि मनात एक तृप्ती असते. ही तृप्ती मी बावीस वर्षे अनुभवलेली आहे, त्यामुळे तिची टिंगल करण्याचा अधिकार मला नाही. परंतु त्या वाक्यातील 'बेगमी' या शब्दावर माझा आक्षेप आहे आणि तो केवळ भाषिक नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे : एकट्याच्या किंवा दोघांच्या घराला ही खरेदी, काही मोजके अपवाद वगळता, परवडत नाही. ती परवडते असे आपल्याला वाटत राहते, कारण तिच्याविषयी बोलताना आपण तीन शब्द वापरतो : सभासद, बचत आणि बेगमी. हे तीनही शब्द आपण दुसऱ्या व्यवहारांतून उसने आणले आहेत. मूळ व्यवहारात त्यांना जी प्रतिष्ठा होती ती या व्यवहाराला फुकट मिळाली आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो हे वेगळे सांगावयास नको. तोच न्याय दुकानाच्या पावतीलाही लावून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आणि ही काही अपवादात्मक घरांची गोष्ट नव्हे. आज अमेरिकेतील साठ टक्क्यांहून अधिक घरांत एक किंवा दोनच माणसे राहतात.

प्रथम 'सभासद'. या संस्थेचा जन्म घरगुती गिऱ्हाइकासाठी झालेलाच नव्हता. सॉल प्राइस या व्यापाऱ्याने १९७६ साली सॅन डिएगो येथे, विमानांच्या एका जुन्या हँगरमध्ये, 'प्राइस क्लब' सुरू केला तो छोट्या दुकानदारांसाठी आणि उपाहारगृहे चालविणाऱ्यांसाठी. मोठ्या घाऊक व्यापाऱ्याच्या दारात ज्यांना किंमत नसे, अशा लहान व्यावसायिकांना वार्षिक शुल्क भरून घाऊक भावाने माल मिळावा, ही कल्पना होती. सर्वसामान्य नोकरदारांना प्रवेश नंतर मिळाला. १९८३ साली सिअॅटलमध्ये 'कॉस्टको' निघाले, त्याच वर्षी वॉलमार्टच्या कुटुंबातील 'सॅम्स क्लब' निघाले आणि १९९३ साली कॉस्टको व प्राइस क्लब एकत्र आले. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की पिंपाएवढ्या तेलाच्या बरण्या आणि गोणीएवढ्या पिशव्या या एका विशिष्ट वाचकाला उद्देशून लिहिलेल्या मजकुरासारख्या आहेत. तो वाचक म्हणजे रोज शंभर पाने वाढणारा खानावळवाला. त्याच्याकडे आठ दिवसांत संपणारी बरणी आपल्या फडताळात आठ महिने बसते. त्या मापाने खरेदी करणारे दोघांचे घर म्हणजे गिऱ्हाईक नसलेला दुकानदार होय.

आता शब्दाकडे येऊ. मराठीत 'सभासद' म्हटले की त्यामागे एक सभा असते. साखर कारखान्यापासून गृहनिर्माण संस्थेपर्यंत आपल्याकडील सभासदाचा भाग असतो, त्याला मत असते, वार्षिक सभेत उठून भांडण्याचा हक्क असतो. वेअरहाऊस क्लबच्या सभासदाला यांतले काहीही नसते. त्याला असते ती आत जाऊन पैसे खर्च करण्याची परवानगी आणि ती तो विकत घेतो. कॉस्टकोचे साधे वार्षिक शुल्क सप्टेंबर २०२४ पासून ६५ डॉलर आहे, वरच्या श्रेणीचे १३० डॉलर. २०२४ च्या आर्थिक वर्षात या कंपनीला केवळ सभासदशुल्कातून सुमारे ४.८ अब्ज डॉलर मिळाले. त्याच वर्षीचा तिचा कार्यकारी नफा सुमारे ९.३ अब्ज डॉलर होता. शुल्क गोळा करायला खर्च जवळजवळ नसतो, म्हणजे नफ्याचा निम्म्याच्या आसपासचा भाग दारातच जमा होतो.

येथे न्यायाने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ही लूट नाही. कॉस्टको आपल्या मालावर साधारण चौदा-पंधरा टक्क्यांहून अधिक वाढीव किंमत लावत नाही, ही गोष्ट प्रसिद्ध आहे आणि तेथील नोकरांचा पगार या धंद्यातील इतरांच्या तुलनेने चांगला असतो. भाव खरोखरच कमी असतात. दुकान खोटे बोलत नाही. ते जे बोलते ते आपल्याला उद्देशून आहे असे आपण धरून चालतो, चूक तेथे आहे. शुल्क घरटी आहे, डोईमागे नाही. सहा माणसांच्या घरात ते सहा तोंडांवर विभागले जाते. दोघांच्या घरात तेच शुल्क तिप्पट जड होते.

दुसरा शब्द 'बचत'. बचत म्हणजे खर्च होऊन जे उरते ते. माझी आई महिनाअखेरीस डब्यातली नाणी मोजत असे, ती बचत होती. ती हातात घेता येत असे. क्लबमधून आल्यावर "आज चाळीस डॉलर वाचवले" असे आपण म्हणतो तेव्हा ते चाळीस डॉलर कोठे आहेत, हे कोणालाही दाखविता येत नाही. दाखविता येतात ते खर्च झालेले दोनशे. वाक्याची रचना सकर्मक आहे आणि कर्म अदृश्य आहे. अशा वाक्यांविषयी समीक्षकाने सावध असावे.

पण व्याकरण बाजूला ठेवून सरळ अंकगणित करू. फळीवरील चिठ्ठीवर लहान अक्षरांत दर पौंडाची किंवा दर औंसाची किंमत छापलेली असते. आपला सगळा युक्तिवाद या आकड्यावर उभा असतो. परंतु हा भाव विकत घेतलेल्या पौंडाचा असतो, खाल्लेल्या पौंडाचा नव्हे. समजा, जी वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात १०० डॉलरला पडते ती क्लबमध्ये ७५ डॉलरला मिळाली. म्हणजे एक-चतुर्थांश स्वस्त. आता त्यातील एक-चतुर्थांश फेकावी लागली, तर उरलेली पाऊण वस्तू आपल्याला ७५ डॉलरला पडली. दुकानातही पाऊण वस्तूला नेमके तेवढेच पडले असते. फायदा शून्य आणि वर शुल्क आहेच. सवलत दहा टक्के असेल, तर दहातला एक भाग वाया जाताच हिशेब बरोबरीला येतो. दोघांच्या घरात भाजी, फळे, दही, पाव यांतला दहावा भाग वाया घालवायला काही विशेष प्रयत्न करावे लागत नाहीत. अमेरिकेच्या कृषिविभागाच्या अंदाजानुसार या देशाच्या अन्नपुरवठ्यातील तीस ते चाळीस टक्के भाग वाया जातो. तो सगळा क्लबमुळे जातो असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या देशात फेकणे इतके सहज आहे तेथे 'सगळे खाल्ले जाईल' हे गृहीतक धरणे धाडसाचे आहे.

शुल्काचेही गणित पाहू. दहा टक्के सवलत धरली तर ६५ डॉलर वसूल होण्यासाठी बाहेर ६५० डॉलरला पडला असता एवढा माल क्लबमधून घेऊन तो पूर्णपणे वापरावा लागतो. हे अशक्य नाही. वरच्या श्रेणीचे कार्ड घेणाऱ्यांना मात्र असे सांगितले जाते की खरेदीच्या दोन टक्के रक्कम परत मिळते. त्या श्रेणीचे जादा ६५ डॉलर दोन टक्क्यांनी भरून काढण्यास वर्षाला ३२५० डॉलरची खरेदी लागते, म्हणजे महिन्याला सुमारे २७० डॉलर, आणि त्यात पेट्रोल धरले जात नाही. दोघांच्या घराने आपला जवळजवळ सगळा किराणा तेथूनच घ्यायचा ठरविला तरच हे जमते. मग आपण गरजेप्रमाणे खरेदी करीत नाही, कार्ड फेडण्यासाठी खरेदी करतो.

आणखी एक खर्च कोणत्याही पावतीवर येत नाही. बदामांची चार पौंडांची पिशवी घरात असली की मूठ मोठी होते. आमच्या घरी लहान पुडी असताना आठ बदाम मोजून भिजत पडत. मोठी पिशवी आल्यापासून कोणी मोजले नाहीत. स्वस्त मिळाले म्हणून अधिक खाल्ले, अधिक खाल्ले म्हणून लवकर संपले, लवकर संपले म्हणून पुन्हा गेलो. दर औंसामागे वाचलेले पैसे औंस वाढवून आपणच परत केले.

तिसरा शब्द 'बेगमी' आणि येथेच माझा खरा वाद आहे. "आपल्या आया-आज्या वर्षाचे धान्य भरत होत्या, आम्ही तेच करतो," असे म्हणणारी मित्रमंडळी बुद्धिमान आहेत आणि प्रामाणिकही आहेत. तरीही हे साम्य वरवरचे आहे. उन्हाळ्यात गहू-तांदूळ भरणे, डाळी उन्हात घालणे, मसाला कुटून ठेवणे, पापड-कुरडया-सांडगे करणे यामागे दोन कारणे होती. सुगीनंतर धान्य स्वस्त असे, आणि पावसाळ्यात वाटा बंद होत. म्हणजे काळाचा एक निश्चित पल्ला समोर होता आणि तेवढ्या पल्ल्याची तरतूद केली जाई. घरात माणसे किती, पाहुणे किती, बाळंतपणाला कोण येणार, याचा अंदाज बाईच्या डोक्यात पक्का असे. आणि तिच्या हाताशी मापे होती : चिपटे, मापटे, शेर, पायली. ज्या भाषेने पाव शेरालासुद्धा चिपटे असे स्वतंत्र नाव दिले, त्या भाषेला थोडक्याची लाज नव्हती. भरणे पायलीने होते, पण काढणे चिपट्याने होते. बेगमीचे सारे मर्म या काढण्यात होते.

शिवाय बेगमीत श्रम होते. धान्य निवडणे, ऊन दाखविणे, कडुनिंबाचा पाला घालणे, कीड लागली का ते पाहणे. हे श्रम बायकांच्या पाठीवर होते, म्हणून त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. परंतु ते श्रमच साठ्याला साठा म्हणून जिवंत ठेवीत होते. क्लबमधून आणलेला साठा कोणी राखत नाही. तो शीतकपाटाच्या मागच्या बाजूला सरकत जातो आणि एक दिवस त्याला वास येतो. कोपऱ्यावरचे दुकान बाराही महिने उघडे असताना, हिमवादळाचे दोन दिवस सोडले तर, आपण कोणत्या पावसाळ्याची तरतूद करीत असतो?

याउलट त्या वखारीचे स्वतःचे वर्तन पाहण्यासारखे आहे. ती बेगमी मुळीच करीत नाही. तिच्याकडील माल इतक्या वेगाने फिरतो की पुष्कळदा पुरवठादाराचे पैसे देण्याची मुदत येण्यापूर्वीच तो विकला गेलेला असतो. एखाद्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये तीस हजारांच्या घरात निरनिराळ्या वस्तू असतात. येथे जेमतेम चार हजार, म्हणजे रेंगाळणारा माल ठेवायचाच नाही. मग रेंगाळतो तो कोठे? आपल्या गॅरेजमध्ये, आपण त्यासाठी घेतलेल्या दुसऱ्या शीतकपाटात, आपल्या विजेवर, आपल्या गुंतलेल्या पैशावर. वखार नावाला त्यांची आहे. साठवण्याचे काम आपण पत्करले आहे आणि त्याबद्दल वर्षाला शुल्कही भरतो.

येथे काही आक्षेप संभवतात. पहिला असा की सगळ्याच वस्तू नासत नाहीत. मान्य. कागदी रुमाल, धुण्याची पावडर, बॅटऱ्या, कचऱ्याच्या पिशव्या, तांदूळ, टायर यांचा हिशेब वेगळा आहे. जेथे जागा आहे आणि जिनसेला काळाची भीती नाही तेथे मोठे माप फायद्याचेच ठरते. पेट्रोलपंप वाटेवर असेल आणि गाडी रोज लांब जात असेल तर केवळ त्यावर शुल्क निघू शकते. चष्मा किंवा श्रवणयंत्र घ्यायचे असेल त्या वर्षी कार्ड जरूर घ्यावे. चिठ्ठीवरची औषधे तर कॉस्टकोच्या औषधविभागातून बिगर-सभासदांनाही घेता येतात. म्हणजे दोघांच्या घरासाठी नियम सोपा आहे : जे कुजते ते तेथून आणू नये, आणि जे कुजत नाही त्याची यादी घरून करून न्यावी. अडचण अशी की या यादीसाठी वर्षातून तीन फेऱ्या पुरतात, आणि आपण जातो दर शनिवारी.

दुसरा आक्षेप गोठविण्याचा. भाग करून डीप फ्रीझरमध्ये ठेवावेत, असे सुचविले जाते. हे करणारी शिस्तशीर घरे मी पाहिली आहेत आणि त्यांना माझा नमस्कार आहे. परंतु तो रविवारचा अर्धा दिवस, त्या पिशव्या, त्या तारखांच्या चिठ्ठ्या यांची किंमत शून्य धरूनच ते गणित जुळते. घरच्या श्रमाची, विशेषतः बाईच्या श्रमाची, किंमत शून्य धरण्याची आपली परंपरा जुनी आहे. निदान तिला अर्थशास्त्र म्हणू नये.

तिसरा आक्षेप कोणी बोलून दाखवीत नाही, पण तो सर्वांत बलवान आहे. माझा नवरा सातारा जिल्ह्यातील. १९७२ च्या दुष्काळात तो दहा वर्षांचा होता. रेशनवरचा मिलो त्याने खाल्लेला आहे. तांबड्या मिलोच्या भाकरीविषयी तो आजही हसत बोलतो, पण ती भाकरी तो विसरलेला नाही. तो मिलो अमेरिकेतून आला होता. त्याच अमेरिकेत, छतापर्यंत रचलेल्या तांदळाच्या गोण्यांमधून तो जेव्हा ढकलगाडी नेतो, तेव्हा त्याच्या मनात दर औंसाचा भाव नसतो. भरलेले फडताळ पाहिल्यावर त्याला झोप लागते. या भावनेशी मला भांडायचे नाही. पण तिला 'हिशेब' म्हणू नये. भीतीला भीती म्हटले की तिच्याशी बोलता येते, तिला बचत म्हटले की तिला दरवर्षी कार्ड नवे करून द्यावे लागते.

आणि माझे स्वतःचे? मुलगी शिकण्यासाठी गेली, मग नोकरीसाठी पश्चिम किनाऱ्यावर गेली. त्यानंतर तीन वर्षे मी तिच्या आवडीच्या दह्याचे चोवीस कपांचे खोके आणीत होते. आम्ही दोघेही ते दही खात नाही. दर वेळी 'येईल तेव्हा असू दे' असे म्हणत असे. आमच्या क्लबमध्ये ते खोके अत्यंत स्वस्त होते, यात दुकानाचा काय दोष? एकदा तारीख उलटून गेलेले एकोणीस कप एकेक उघडून मोरीत ओतताना लक्षात आले की मी चार डॉलर वाचविण्यासाठी हे आणत नव्हते. तीन माणसांचे माप सोडायला मन तयार नव्हते. लहान पुडी घेणे म्हणजे घर लहान झाले हे दुकानदारासमोर कबूल करणे. मोठ्या खोक्याच्या किमतीत ही कबुली टाळण्याची सोय धरलेली असते आणि तिच्यासाठी आपण काहीही द्यायला तयार होतो.

म्हणून या प्रश्नाचे उत्तर केवळ वजाबाकीने संपत नाही. मग घाऊक खरेदी वाईट आहे काय? नाही. घाऊक भावाला माणसे लागतात, एवढेच. आपल्याकडे १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने हे ओळखले होते. एका परिसरातील काही कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, माल घाऊक आणायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा. तेथे आधी यादी होती आणि मग खरेदी. तेथील सभासद खऱ्या अर्थाने सभासद होता, कारण वाटप करताना शेजाऱ्यांशी बोलावे लागे. तांदळाची गोणी चार घरांत गेली की ती गोणी राहत नाही, चार घरांचे माप होते.

गेल्या हिवाळ्यापासून आमच्या गल्लीतील तीन घरे हे करीत आहोत : आम्ही दोघे, एक विधुर गुजराती गृहस्थ आणि एक तरुण तमिळ जोडपे. कार्ड एकाचे, खरेदी महिन्यातून एकदा, वाटणी आमच्या स्वयंपाकघरातील टेबलावर. आमचे कार्ड आम्ही नवे केले नाही. वाटणीच्या वेळी चहा होतो आणि थोडी कुरबुरही होते, कारण गृहस्थांना पालक नेहमी कमी पडतो. वजनाचा काटा आहे, पण तूरडाळ मी आईच्या जुन्या पितळी मापट्यानेच मोजते. दोघांना महिन्याला किती मापटी लागतात, हे मला आता नेमके माहीत आहे.